एएफएल फँटसी क्लासिक: व्हाइस-कॅप्टन बेभरवशाचाच हवा

फँटसी क्रिकेट खेळून तयार झालेला मुंबईकर एएफएल फँटसीत शिरला की पहिल्याच आठवड्यात एक ठरलेली चूक करतो. क्रिकेटच्या ॲपवर कॅप्टनला दुप्पट आणि व्हाइस-कॅप्टनला दीडपट गुण, म्हणून संघातला दोन नंबरचा भरवशाचा माणूस तो व्हाइस-कॅप्टन करून मोकळा होतो. इथे तो हिशेब चालत नाही. ऑस्ट्रेलियन रुल्स फुटबॉलच्या या खेळात कॅप्टनचे गुण दुप्पट होतात, व्हाइस-कॅप्टनचे जसेच्या तसे राहतात. कॅप्टन त्या फेरीत मैदानात उतरलाच नाही, तरच दुपटीचा हक्क व्हाइस-कॅप्टनकडे जातो. नियमांमध्ये ही एवढीशी ओळ आहे, पण दर आठवड्याचे शंभर-सव्वाशे गुण तिच्यावर टांगलेले असतात. हा खेळ मुंबईत बसून खेळण्याजोगा आहे की नाही, याचा निकालही आमच्या मते तिच्यावरच लावायला हवा.

आधी वस्तू काय आहे ते सांगून टाकू. एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, आणि क्लासिक हा तिचा स्वतःचा अधिकृत फँटसी खेळ. प्रवेश फी नाही, पैसे लावणं नाही. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाल्यानंतर ज्यांची फँटसीची सवय अधांतरी राहिली, त्यांना डोक्याचं खाद्य म्हणून हा चांगला पर्याय आहे. ठरलेल्या बजेटमध्ये ३० खेळाडू घ्यायचे. त्यातले २२ मैदानावर: ६ डिफेंडर, ८ मिडफिल्डर, २ रक (पंचाने उडवलेल्या चेंडूसाठी झेपावणारे उंच खेळाडू), ६ फॉरवर्ड. उरलेले ८ बेंचवर. साध्या फेरीत २ ट्रेड, म्हणजे खेळाडू बदलायच्या संधी, मिळतात. लीगमध्ये १८ क्लब आहेत, मोसम मार्चपासून ऑगस्ट अखेरपर्यंत चालतो.

गुण असे: किक ३, हँडबॉल २, मार्क ३, टॅकल ४, गोल ६, बिहाइंड १, हिटआउट १, आपल्या बाजूने फ्री किक मिळाली तर १, आपल्या चुकीने प्रतिस्पर्ध्याला मिळाली तर उणे ३. मार्क म्हणजे किमान १५ मीटर उडत आलेली किक थेट झेलणं. हँडबॉल म्हणजे चेंडू मुठीने मारून देणं, टॅकल म्हणजे चेंडू हातात असलेल्याला धरून अडवणं, बिहाइंड म्हणजे थोडक्यात हुकून बाजूच्या खांबांमधून गेलेला चेंडू, आणि हिटआउट म्हणजे रकने उडवलेला चेंडू साथीदाराकडे टोलवणं. गोल किकनेच होतो, त्यामुळे गोलाच्या ६ मध्ये किकचे ३ मिळून प्रत्यक्षात ९ पडतात.

आता कॅप्टनच्या नजरेने हे आकडे पाहा. एखाद्या मिडफिल्डरने २० किक, १२ हँडबॉल, ७ मार्क, ५ टॅकल, १ गोल केला, एक फ्री किक मिळवली आणि एक दिली, तर ६० + २४ + २१ + २० + ६ + १ - ३ म्हणजे १२९. कॅप्टन असेल तर २५८. ही उत्तम कामगिरी झाली. पण बातमीत फक्त ‘३० डिस्पोजल’ असं वाचून कॅप्टन निवडणारा फसतो. डिस्पोजलमध्ये किक आणि हँडबॉल दोन्ही मोजतात. २२ किक आणि ८ हँडबॉलचे ८२ होतात, १० किक आणि २० हँडबॉलचे ७०. डिस्पोजल सारखेच, फरक १२ चा, कॅप्टन केल्यावर २४ चा. म्हणून किक जास्त मारणारा, मोकळ्या जागेत मार्क घेऊन पुन्हा किक मारणारा खेळाडू इथे सोन्यासारखा. मार्क आणि लगेच किक मिळून ६ गुण, तेही कुणाशी झुंज न देता. मागच्या फळीतले काही डिफेंडर याच कारणाने मिडफिल्डरांच्या तोडीचे गुण आणतात. त्यातही प्रतिस्पर्ध्याच्या बिहाइंडनंतर चेंडू पुन्हा खेळात आणायचं काम कोणाकडे आहे ते पाहावं. तो खेळाडू गोलचौकोनातून पुढे निघून किक मारतो तेव्हा ती किक त्याच्या नावावर लागते.

रकचं गणित निराळं. त्याचे ३०–४० गुण निव्वळ हिटआउटमधून येऊ शकतात, म्हणून त्याचा तळ, म्हणजे वाईट दिवशीही हमखास येणारे गुण, मजबूत असतो. मेलबर्नचा मॅक्स गॉन किंवा नॉर्थ मेलबर्नचा ट्रिस्टन झेरी यांच्यासारखा रक संघात एकटा खेळत असेल आणि समोरचा रक कच्चा असेल, तर तो कॅप्टनसाठी पहिल्या तिघांत धरावा. मात्र त्याच्याच क्लबने त्या आठवड्यात दुसरा रक घेतला, तर हिटआउट वाटले जातात. संघ जाहीर होताना हे तपासायचं असतं, कारण सरासरीच्या आकड्यात ते दिसत नाही.

या खेळाची खरी ताकद रोलिंग लॉकआउटमध्ये आहे. सगळा संघ एकदम बंद होत नाही. ज्या खेळाडूचा सामना सुरू झाला, तो तेवढा कुलूपबंद होतो. फेरी साधारण गुरुवारी किंवा शुक्रवारी सुरू होऊन रविवारी संपते. म्हणजे पहिल्या दिवशी खेळणाऱ्याला व्हाइस-कॅप्टन करायचं, त्याचे गुण पाहायचे आणि मग ठरवायचं की ते दुप्पट करून घ्यायचे की पुढच्या कॅप्टनवर डाव लावायचा. गुण पसंत पडले तर त्या आठवड्यात न खेळणाऱ्या कुणाला तरी कॅप्टन करून टाकायचं. कॅप्टन खेळला नाही, की दुप्पट आपोआप व्हाइस-कॅप्टनची. जुने खेळाडू याला लूपहोल म्हणतात. ही चोरवाट मुळीच नाही, नियमांनी मोकळी ठेवलेली वाट आहे.

यासाठी संघात एक डमी लागतो, आणि बहुतेकांचं गणित चुकतं ते इथेच. डमी म्हणजे तुमच्या तीसमधला असा खेळाडू, जो या फेरीत नक्की खेळणार नाही. त्याच्या क्लबचा सामना तुमच्या व्हाइस-कॅप्टनचा सामना संपल्यानंतर सुरू व्हायला हवा, कारण क्लबचा सामना सुरू झाला की न खेळणारा खेळाडूही बंद होतो आणि त्याला कॅप्टनपद देता येत नाही. व्हाइस-कॅप्टन शुक्रवारी संध्याकाळी खेळतो आणि डमीचा क्लब गुरुवारीच खेळून मोकळा झाला, तर तो डमी काही कामाचा नाही. निर्णयाची मुदतही यावरूनच ठरते. डमीच्या क्लबचा सामना आणि खऱ्या कॅप्टनचा सामना, यांतला जो आधी सुरू होईल तोवर तुम्हाला ठरवायचं असतं.

मांडणी गुरुवारीच करून ठेवावी. डमीला बेंचवरून मैदानावर आणा, त्याच ओळीतला (म्हणजे डिफेंडरच्या जागी डिफेंडर, मिडफिल्डरच्या जागी मिडफिल्डर) तुमचा सर्वांत कमी गुणांचा खेळाडू बेंचवर पाठवा आणि त्याच्यावर इमर्जन्सीची खूण करा. मैदानावरचा खेळला नाही तर इमर्जन्सीचे गुण धरले जातात, म्हणजे डमीच्या जागी त्याचेच गुण येतात आणि तुमचं नुकसान काही होत नाही. त्या ओळीत इमर्जन्सी एकच ठेवा. यातला धोका असा की त्याच ओळीतला आणखी कुणी ऐन वेळी बाहेर पडला, तर त्याची जागा भरायला कोणी उरत नाही. म्हणून ज्या ओळीत दुखापतीची कुणकुण आहे, तिथे डमी बसवू नका. मोसमाच्या मधल्या फेऱ्यांत, जेव्हा काही क्लबना सुट्टी असते आणि सर्वोत्तम १८ जणांचेच गुण मोजतात, तेव्हा ही चिंता जवळपास मिटते.

डमी कुठला घ्यावा? लांबच्या दुखापतीचा सर्वांत सुरक्षित. क्लब दर आठवड्याला संघाबरोबर काही राखीव नावंही जाहीर करतात. त्यांतला एखादा नवखा डमी म्हणून वापरला आणि सामन्याच्या तासभर आधी कुणी आजारी पडून त्याला आत घेतलं, तर तो तुमचा खराखुरा कॅप्टन होतो. नवख्याचे ३५ गुण दुप्पट होऊन ७० आणि व्हाइस-कॅप्टनचे १४० साधेच. रविवारी खेळणाऱ्या क्लबच्या बाबतीत आणखी सावध राहावं. गुरुवारी त्यांची लांबलचक यादी येते, ती शुक्रवारी छाटली जाते. यादीत नाव नसलेलाच डमी बरा.

आता मूळ मुद्दा. व्हाइस-कॅप्टन कसा असावा? बहुतेक जण दोन्ही पदांना एकच कसोटी लावतात, सरासरी. हे चूक आहे. समजा तुमच्या कॅप्टनकडून ११२ ची अपेक्षा आहे. व्हाइस-कॅप्टनसाठी दोघे आहेत, दोघांची सरासरी ११०. पहिला दर आठवड्याला ११० च करतो. दुसरा निम्म्या वेळा १४०, निम्म्या वेळा ८०. पहिल्याला घेतलं तर तुम्ही त्याची दुप्पट कधीच घेणार नाही, कारण ११२ जास्त आहेत. दुपटीचे मिळणार ११२. दुसऱ्याला घेतलं तर निम्म्या वेळा १४० दुप्पट कराल आणि उरलेल्या वेळी कॅप्टनकडे वळाल. सरासरी १२६. आठवड्याला १४ गुण फुकट, वीस फेऱ्यांत २८०, आणि त्यासाठी एकही ट्रेड खर्च नाही. व्हाइस-कॅप्टनचा वाईट दिवस तुम्हाला भोगावाच लागत नाही, म्हणून तो चढउतार करणारा, मोठ्या उडीचा हवा. कॅप्टनचा वाईट दिवस मात्र भोगावा लागतो, म्हणून तिथे संथ, तळ पक्का असलेला माणूस. शुक्रवारी संध्याकाळी बेभरवशाचा, रविवारी भरवशाचा, असं साधं धोरण लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

व्हाइस-कॅप्टनचे किती गुण आले की थांबायचं, यावर ‘१३० च्या खाली घ्यायचे नाहीत’ असा सल्ला सर्रास ऐकू येतो. त्याला आधार नाही. कॅप्टनची अपेक्षा म्हणजे त्याची सरासरी, त्याचा सर्वोत्तम दिवस नव्हे. सरासरी ११२ असेल आणि व्हाइस-कॅप्टनने ११८ केले असतील, तर ११८ घ्या. हावेपोटी सोडलेले हे सहा-सहा गुण मोसमभरात जमतात. अपवाद एकच: आमनेसामनेच्या लीगमध्ये तुम्ही मागे पडला आहात आणि प्रतिस्पर्ध्याने मोठे गुण घेतले आहेत, तेव्हा डाव लावायला हरकत नाही. सामना संपल्यावर आकडे तपासले जातात आणि एखाद-दुसरी किक इकडची तिकडे होते. ११३ विरुद्ध ११२ वर घाईने निर्णय न घेता थोडा वेळ जाऊ द्यावा.

वेळेच्या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहे. मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे. तिथला शुक्रवारचा संध्याकाळी ७:४० चा सामना इथे दुपारी ३:१० ला सुरू होतो आणि साडेपाच-पावणेसहाला संपतो. म्हणजे ऑफिस सुटून लोकलमध्ये बसेपर्यंत व्हाइस-कॅप्टनचे गुण हातात असतात, आणि पुढचा सामना शनिवारी सकाळी नऊच्या आसपास. निर्णयाला अख्खी रात्र मिळते. इंग्लंड-अमेरिकेत राहून हा खेळ खेळणाऱ्यांना हे सुख नाही. संघांच्या याद्या गुरुवारी तिथल्या ६:२० ला येतात, आपल्याकडे १:५० ला, डबा संपवून हात धुतल्यावर पाहता येतील अशा. शनिवार-रविवारचे दुपारचे सामने इथे सकाळी पावणेनऊ ते अकराच्या दरम्यान सुरू होतात.

एक सापळा मार्चमधला. एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत मेलबर्न, सिडनी, ॲडलेडमध्ये घड्याळं तासभर पुढे असतात. तेव्हा अंतर साडेपाच तासांचं आणि तोच ७:४० चा सामना इथे २:१० ला. ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट आणि पर्थमध्ये घड्याळ बदलत नाही. ब्रिस्बेन वर्षभर साडेचार तास पुढे, पर्थ अडीच तास, ॲडलेड मेलबर्नच्या अर्धा तास मागे. फोनच्या घड्याळात मेलबर्न, ॲडलेड आणि पर्थ तिन्ही टाकून ठेवा आणि ॲपमध्ये दिसणारी वेळ तिथली आहे की आपली, हे मोसमाच्या सुरुवातीला एकदा ताडून पाहा. शेवटच्या फेऱ्यांच्या नेमक्या वेळा मोसम चालू असतानाच जाहीर होतात, त्यामुळे फेब्रुवारीत बनवलेल्या तक्त्यावर जुलै-ऑगस्टमध्ये विसंबू नका.

हवामानाकडे पाहताना मुंबईचा पाऊस डोक्यातून काढावा लागतो. मेलबर्नमध्ये वर्षभरात साधारण साडेसहाशे मिलिमीटर पडतो, आपल्याकडे एकट्या जुलैत त्याहून जास्त. तिथला ‘पाऊस’ म्हणजे पुष्कळदा रिमझिम. पण चेंडू ओला व्हायला तेवढी पुरते. चेंडू घसरला की मार्क कमी होतात, जमिनीवरची झटापट आणि टॅकल वाढतात. मार्कांवर जगणाऱ्याचे मार्क ८ वरून ४ वर आले तर १२ गुण गेले, कॅप्टन म्हणून २४, शिवाय मार्कनंतरच्या निवांत किकही जातात. अशा दिवशी टॅकल करणारा मिडफिल्डर घ्यावा. फ्रीमँटलचे अँड्र्यू ब्रेशॉ आणि केलेब सेराँग, ब्रिस्बेनचा जॉश डंकली ही त्या जातीची माणसं. मेलबर्नच्या मार्व्हल स्टेडियमला छत आहे, तिथे पावसाचा प्रश्नच नाही. डार्विनच्या रात्रीच्या सामन्यांत पाऊस नसला तरी दमट हवेने चेंडू निसरडा होतो. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पावसापेक्षा मोठा शत्रू टॅगर. प्रतिस्पर्धी क्लब एक खेळाडू फक्त तुमच्या स्टारला चिकटून राहण्यासाठी सोडतो. २०२३ च्या २१ व्या फेरीत हॉथॉर्नच्या फिन मॅगिनेसने कॉलिंगवूडच्या निक डेकॉसला ५ डिस्पोजलवर रोखलं. डेकॉस त्या सामन्यात जखमीही झाला, पण त्याआधीच त्याचा खेळ आटोक्यात आला होता. त्या आठवड्यात ज्यांचा तो कॅप्टन होता, त्यांची फेरी तिथेच संपली. म्हणून समोरच्या क्लबने मागच्या चार-पाच सामन्यांत कोणाला टॅग केलं आणि त्याचे गुण किती घसरले, हे बघा. टॅग बहुधा एकालाच लागतो, त्यामुळे त्याच क्लबचा दोन नंबरचा मिडफिल्डर अशा दिवशी मोकळा सुटतो. उलट, ज्यांना टॅग करायची सवयच नाही अशा क्लबविरुद्ध मोठ्या उडीचा खेळाडू व्हाइस-कॅप्टन करावा. २०१८ च्या पहिल्या फेरीत हॉथॉर्नच्या टॉम मिचेलने कॉलिंगवूडविरुद्ध ५४ डिस्पोजलचा विक्रम केला. तो किती मोकळा होता, ते या आकड्यावरूनच कळतं.

भूमिका बदलली की सरासरी निरुपयोगी होते. मैदानाच्या मध्यातून खेळ सुरू होतो (आकडेवारीत याला सेंटर बाउन्स म्हणतात) तेव्हा खेळाडू किती टक्के वेळा मधल्या चौकोनात असतो, हा आकडा पाहत राहा. ८० टक्क्यांवरून ४० वर आला, म्हणजे त्याला फॉरवर्डला ढकललं जातंय. डीएफएस ऑस्ट्रेलिया या संकेतस्थळावर अशी आकडेवारी फुकट मिळते, त्यामुळे खेळाच्या स्वतःच्या सशुल्क सोयी निव्वळ कॅप्टन निवडण्यासाठी घ्याव्यात असं आम्हाला वाटत नाही. वाचताना लेखाचं वर्ष मात्र बघा. २०२३ ते २०२५ या मोसमांत बदली खेळाडूचा नियम होता आणि उशिरा उतरल्यामुळे किंवा लवकर बाहेर काढल्यामुळे गुण कोसळायचे. २०२६ पासून ती पद्धत जाऊन बेंचवर पाच खेळाडू आले आहेत, तेव्हा त्या काळातले सल्ले आज जसेच्या तसे लागू होत नाहीत.

खेळातला सर्वांत मोठा दोष एकच, आणि तो नियमातच आहे. कॅप्टन दोन मिनिटं जरी खेळला तरी तो ‘खेळला’. पहिल्या क्वार्टरला मांडीचा स्नायू धरून ९ गुणांवर बाहेर गेला तर तुम्हाला १८ मिळतात आणि व्हाइस-कॅप्टनचे १०५ साधेच राहतात. चार-चार महिने मेहनत घेणाऱ्यावर हा अन्याय आहे. एका क्वार्टरपेक्षा कमी खेळलेला कॅप्टन न खेळल्यासारखा धरावा, अशी सुधारणा व्हायला हवी. तोपर्यंत उपाय एवढाच की दुखापतीतून पहिल्यांदाच परतणाऱ्याला, सराव अर्धवट सोडणाऱ्याला कॅप्टन करू नये.

दुसरा पर्याय सुपरकोच, याच लीगवरचा आणखी एक फँटसी खेळ. तिथेही कॅप्टन दुप्पट आणि हीच वाट, पण गुण दर्जावर: परिणामकारक किकला ४, परिणामकारक हँडबॉलला दीड, आणि प्रत्येक सामन्याचे एकूण गुण ३३०० च्या साच्यात बसवलेले. त्यामुळे पावसाने तिथे एकूण गुण आटत नाहीत, फक्त हात बदलतात. फूटीचे, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे, सामने बघायची सवय नसताना तो हिशेब डोळ्यांनी लावता येत नाही. क्लासिकमध्ये स्कोअर बघत बघत स्वतः बेरीज करता येते, म्हणून सुरुवात क्लासिकनेच करावी. सामने बघायचे असतील तर ऑस्ट्रेलियाबाहेरच्या प्रेक्षकांसाठी लीगची वॉचएएफएल ही सशुल्क सेवा आहे. पण कॅप्टन निवडायला ती लागतेच असं नाही.

रविवारी सकाळी एवढं कराच. खरा कॅप्टन शेवटच्या सामन्यात असेल, आणि तो पुष्कळदा पर्थमध्ये असतो, तर सामन्याच्या तासभर आधी अंतिम संघ पाहा. तो बाहेर असेल आणि त्याच सामन्यात तुमच्याकडे दुसरा चांगला खेळाडू असेल, तर कॅप्टनपद त्याला द्या. तसा कोणी नसेल, तर काही करू नका. कॅप्टन उतरला नाही, म्हणजे शुक्रवारी नाकारलेल्या व्हाइस-कॅप्टनचे गुण, ८० असले तरी, दुप्पट होऊन १६० म्हणून लागतील.